पाणी चढते कधी? मेणबत्ती-बरणीच्या प्रयोगावर उभ्या राहिलेल्या तासांचे प्रकरण

ताटलीतल्या पाण्यात उभ्या केलेल्या पेटत्या मेणबत्तीवर बरणी उपडी घालायची. काही सेकंदांत ज्योत विझते आणि पाणी बरणीत चढते. हवेच्या पाठात हा प्रयोग हमखास दाखवतात आणि त्याचा निष्कर्षही ठरलेला असतो: ऑक्सिजन जळून संपला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो म्हणून पाणी एक-पंचमांश चढले. प्रयोगात खोट नाही, पण निष्कर्ष चुकीचा आहे. आणि तो चुकीचा आहे हे बारा-तेरा वर्षांची मुले साध्या साहित्याने स्वतः दाखवू शकतात. शोधाधारित अध्यापनासाठी, म्हणजे उत्तर सांगण्याऐवजी मुलांना ते तपासून शोधू देण्यासाठी, इतके सोयीचे प्रकरण क्वचितच मिळते.

प्रसंग

वर्गात ३६ मुले, तास ४० मिनिटांचा, बाई एकट्या, मदतनीस नाही. बाईंनी प्रयोग टेबलावर करून दाखवला आणि पाणी का चढले ते विचारले. ऑक्सिजन संपला म्हणून, असे बरेच जण एका सुरात म्हणाले. बाई फळ्याकडे वळत असतानाच एका मुलीने शंका काढली: "बाई, ज्योत जळत होती तोवर पाणी जागेवरच होतं. विझल्यावर एकदम वर गेलं. ऑक्सिजन तर जळतानाच संपायला हवा ना?"

या क्षणी शिक्षकापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली, "नंतर बघू". दुसरी, खरे कारण लगेच सांगून टाकणे. वेळ वाचतो, पण मुलांच्या हाती एका पाठ केलेल्या उत्तराऐवजी दुसरे पाठ केलेले उत्तर येते. तिसरी वाट म्हणजे मुलांच्या हातात साहित्य देऊन "करून बघा" म्हणणे. ही शोधाधारित वाटते, पण कशाचा शोध घ्यायचा हे ठरलेले नसेल तर तास मेणबत्त्या पेटवण्यात आणि विझवण्यात जातो.

बाईंनी यातले काहीच केले नाही. त्यांनी विचारले, "हे आणखी कोणी पाहिलं?" मोजकेच हात वर आले. मग त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, मात्र पाहण्याचे काम वाटून. डावीकडच्या मुलांनी फक्त ज्योत पाहायची आणि ती विझताच "विझली" म्हणायचे. उजवीकडच्यांनी फक्त पाण्याची पातळी पाहायची आणि ती हलताच "चढलं" म्हणायचे. पाण्यात खाण्याचा रंग मिसळला होता. "विझली" आधी आले, "चढलं" मागून. बरणी टेकवताना कडेने दोन-चार बुडबुडे बाहेर पडले, हेही एकाने सांगितले.

या दोन मिनिटांत त्या मुलीची शंका साऱ्या वर्गाची झाली. मुलांनी पाहिलेलेच नसेल तर त्यांना त्याचे कोडे पडत नाही, आणि एका वेळी दोन गोष्टी पाहायला सांगितल्या की बहुतेक मुले ज्योतीकडेच पाहतात.

यानंतर बाई प्रश्न विचारून थांबल्या. ही साधी वाटणारी गोष्ट कठीण असते. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असे आढळले. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. इथे शांततेनंतर मागच्या बाकावरून उत्तर आले: "आतली हवा तापली असेल. तापून थोडी बाहेर गेली. मग थंड झाली."

आता फळ्यावर दोन स्पष्टीकरणे होती. बाईंनी दोन्ही सारख्याच अक्षरांत लिहिली, कोणते बरोबर ते आवाजातूनही कळू दिले नाही.

दोन स्पष्टीकरणे, वेगळी भाकिते

अशा तासाची खरी तयारी साहित्याची नसते. दोन्ही स्पष्टीकरणांना एकच परिणाम अपेक्षित असेल, तर तो प्रयोग कितीही वेळा केला तरी काही ठरत नाही. पाणी चढते हे दोघांनाही मान्य आहे. त्यामुळे दोघांची भाकिते जिथे फुटतात ती जागा शोधावी लागते, आणि ती शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः शोधून ठेवलेली असावी लागते.

ऑक्सिजनचे स्पष्टीकरण खरे असेल, तर पाणी ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवे. बरणीतला ऑक्सिजन तेवढाच, म्हणून एक मेणबत्ती पेटवली काय आणि तीन पेटवल्या काय, चढ सारखाच यायला हवा. तीन असतील तर तो फक्त लवकर येईल. बरणी टेकवण्याआधी ज्योतीवर काही सेकंद धरली तर चढ वाढायला नको. उलट धूर आणि जळलेली हवा आत साठल्याने ऑक्सिजन कमी झालेला असेल, म्हणून चढ घटायला हवा.

तापलेल्या हवेचे स्पष्टीकरण खरे असेल तर सगळे उलटे. ज्योत असेपर्यंत पाणी चढणार नाही, बुडबुडेच निघतील. विझल्यावर झपाट्याने चढेल. तीन मेणबत्त्या जास्त तापवतात म्हणून चढ जास्त. बरणी आधी धरून ठेवली तरी चढ जास्त. आणि मेणबत्ती नसतानाही, नुसत्या गरम बरणीत पाणी चढायला हवे.

यातली पहिली भाकिते मुलांकडूनच निघतात. शेवटचे सहसा निघत नाही. ते बाईंनी दुसऱ्या तासासाठी राखून ठेवले.

प्रत्येक गटाने भाकीत वहीत लिहून मगच साहित्य घ्यायचे, असा नियम होता. तोंडी भाकीत प्रयोगानंतर सहज बदलते, आणि "मला तेच वाटलं होतं" असे म्हणणारे मूल खोटे बोलत नसते. त्याला खरोखरच तसे आठवते.

साहित्य आणि मांडणी

नऊ गट, प्रत्येकात चौघे: एक पेटवणारा, एक बरणी धरणारा, एक पातळी पाहणारा, एक घड्याळ सांभाळणारा आणि नोंदणारा. प्रत्येक गटाला लागते ते असे:

सुमारे ५०० मिलिलीटरची, सरळ भिंतींची, जाड काचेची बरणी. खांद्याशी निमुळती होणारी बरणी टाळावी. तिच्यात उंची आणि घनफळ यांचा मेळ बसत नाही.
बरणीच्या तोंडापेक्षा बरीच रुंद आणि तीनेक सेंटिमीटर खोल ताटली, तिच्यात किमान ४०० मिलिलीटर रंगीत पाणी.
अर्धा सेंटिमीटर जाडीच्या तीन बारीक मेणबत्त्या आणि त्या रोवायला चिकणमातीचा चपटा गोळा, पाण्याखाली पूर्ण बुडेल एवढा.
बरणीच्या काठाखाली ठेवायला तीन सारखी नाणी.
काचेवर लिहिणारे पेन, १०० मिलिलीटरचे मोजपात्र, सेकंद दाखवणारे घड्याळ.

नाणी विसरली की प्रयोग फसतो. काठ ताटलीला घट्ट बसतो, पाणी आत शिरत नाही, आणि बरणी उचलताना "सुप्" असा आवाज येतो तेव्हा कुठे गोंधळ लक्षात येतो. नाणी काठाखाली ठेवली की फट राहते.

पाणी कमी असेल तर वेगळाच घोटाळा होतो. पाणी चढता चढता ताटलीतली पातळी फटीच्या खाली जाते, बाहेरची हवा गुळगुळ करत आत घुसते आणि चढ मध्येच थांबतो. ४०० मिलिलीटरचा आकडा त्यासाठीच आहे.

मेणबत्त्या बारीक का, हे शिक्षकांच्याही सहज लक्षात येत नाही. दोन सेंटिमीटर जाडीच्या तीन मेणबत्त्या सात सेंटिमीटर व्यासाच्या बरणीचा जवळपास चौथा हिस्सा क्षेत्रफळ अडवतात. मग तेवढेच पाणी आत आले तरी उंची जास्त दिसते आणि "तिघींनी जास्त चढवलं" हा निष्कर्ष निव्वळ अडगळीतून निघतो. बारीक मेणबत्त्यांनी ही अडचण जवळपास संपते. तरीही तुलना नीट व्हावी म्हणून तिन्ही मेणबत्त्या कायम आतच ठेवायच्या आणि पेटवायच्या मात्र एक किंवा तीन. वर्गातल्या एका गटाने हे आपणहून सुचवले. बदलायचे एकच, बाकी सारे तसेच ठेवायचे, हे तत्त्व व्याख्या पाठ करून जितके कळत नाही तितके अशा अडचणीतून कळते.

सुरक्षेचे थोडक्यात: केस बांधलेले, सैल बाह्या दुमडलेल्या, काडीपेटी फक्त बाईंकडे, टेबलावर वही-कागद नाही, प्रत्येक टेबलाजवळ पाण्याची बादली आणि ओले फडके. विझल्यावर बरणीचे बूड, म्हणजे उपडी असतानाचे वरचे टोक, बराच वेळ गरम असते. ते फडक्यानेच धरायचे.

मोजणीत होणारे घोळ

पहिल्या तासात मोजणीने बाईंना सर्वांत जास्त दमवले. घोळ अपेक्षितच होते, कारण ते कुठल्याही वर्गात याच क्रमाने होतात.

मुले उंची मोजतात आणि ती मेणबत्तीच्या उंचीशी ताडून पाहतात. हवे असते घनफळ. पद्धत सोपी आहे: बरणी टेकवताच बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर काचेवर एक रेघ, चढ थांबल्यावर आतल्या पातळीवर दुसरी. बरणी उचलून सुलटी केली की या दोन रेघांमधली जागा भरायला किती पाणी लागते ते मोजपात्राने बघायचे. बारीक मेणबत्त्यांमुळे येणारी चूक दोन-तीन टक्क्यांच्या आत राहते, तेवढी सोडून द्यावी.

दुसरी रेघ घाईने मारली जाते. ज्योत विझल्यावर पहिल्या काही सेकंदांत पाणी वेगाने चढते, मग मिनिट-दोन मिनिटे हळूहळू. सगळ्यांनी विझल्यापासून बरोबर तीन मिनिटांनी रेघ मारायची असे ठरवल्याशिवाय गटागटांची तुलना होत नाही.

आणि सगळ्यात मोठी गडबड बरणी उतरवण्याच्या वेगाची. एक गट झटकन टेकवतो, दुसरा भीत भीत. सावकाश उतरणारी बरणी ज्योतीवर तापते आणि चढ वाढतो. एका मेणबत्तीला एका गटाकडे ४० मिलिलीटर, शेजारच्या गटाकडे ७०, असे आकडे फळ्यावर आले की वर्ग म्हणतो, "प्रयोग चुकला". बाईंनी आकडे पुसले नाहीत. "७० आलेल्या गटाने वेगळं काय केलं?" असे विचारले. उत्तर मिळायला थोडा वेळ लागला, पण मिळाले. तेच पुढच्या तासाचे बीज ठरले: उतरवण्याचा वेग हाच आता मुद्दाम बदलायचा होता.

विस्कळीत आकड्यांची सरासरी काढून मोकळे होण्याची सवय घातक आहे. विस्कळीतपणाला कारण असते, आणि इथे ते कारण म्हणजेच उत्तराचा धागा होता.

दुसरा तास

प्रत्येक गटाने आधी एक आणि मग तीन मेणबत्त्या पेटवून प्रत्येकी तीनदा मोजणी केली. दर वेळी बरणी दोन सेकंदांत टेकवायची आणि पुढच्या खेपेआधी थंड पाण्याने धुऊन, पुसून घ्यायची. हे धुणे टाळले तर गरम बरणीतली हवा आधीच प्रसरण पावलेली असते आणि मागच्या खेपेचा परिणाम पुढच्या खेपेत मिसळतो. शिवाय आत जळलेली हवा उरते आणि ज्योत लवकर विझते.

सर्व गटांत तीन मेणबत्त्यांचा चढ जास्त आला. ऑक्सिजनचे स्पष्टीकरण इथे कोसळेल अशी अपेक्षा असते. तसे झाले नाही. "तीन मेणबत्त्या जास्त ऑक्सिजन खातात," दोन-तीन गटांनी लगेच सांगितले. वाद शास्त्रशुद्ध होता: एकटी मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवण्याआधी विझत असेल, तर तिघी जास्त संपवू शकतील. प्रतिकूल पुरावा आला की आपले मत सोडण्याऐवजी त्याला ठिगळ लावणे, हे मुलांचेच नव्हे तर वैज्ञानिकांचेही नेहमीचे वागणे आहे. त्याला हट्ट म्हणून झटकले तर संवाद तुटतो. बाईंनी ठिगळ मान्य केले आणि विचारले, "मग कुठल्या प्रयोगात हेही ठिगळ टिकणार नाही?"

आणखी एक सापळा याच जागी आहे. ५०० मिलिलीटरच्या बरणीत एक-पंचमांश म्हणजे सुमारे १०० मिलिलीटर. तीन मेणबत्त्यांचा चढ योगायोगाने त्याच्या जवळ जाऊ शकतो. अशा वेळी एखादा गट आनंदाने "बघा, २१ टक्के!" म्हणतो. जुळलेला आकडा हा पुरावा नव्हे, हे सांगायला हवे. पण सांगण्यापेक्षा आणखी दोन मेणबत्त्या वाढवून पाहायला लावणे बरे. चढ एक-पंचमांशाच्या पुढेही जाऊ शकतो, आणि हवेत आहे त्याहून जास्त ऑक्सिजन तर कोणी खाऊ शकत नाही.

ठिगळ फाडणारे प्रयोग दोन झाले. पहिल्यात एकच मेणबत्ती. बरणी एकदा झटकन टेकवायची, एकदा ज्योतीवर पाच सेकंद धरून मग टेकवायची. पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, काच तडकू शकते. धरून ठेवलेल्या खेपेत ज्योत लवकर विझली, म्हणजे ऑक्सिजन कमी वापरला गेला, तरी पाणी जास्त चढले. दुसऱ्यात मेणबत्तीच नाही. बरणी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर बुडवून, पाणी ओतून देऊन लगेच थंड रंगीत पाण्यावर उपडी घातली. काहीही न जळता पाणी चढले. या खेपेत आतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, त्याचाही हातभार असतो, म्हणून चढ नुसत्या हवेच्या आकुंचनापेक्षा जास्त येतो. हे मुलांना सांगून टाकले तरी चालते.

काय सांगायचे आणि कधी

शिक्षण-अभ्यासक जोसेफ श्वाब आणि पुढे १९७१मध्ये मार्शल हेरन यांनी शोधाच्या पातळ्या मांडल्या. त्यांचा गाभा असा की प्रश्न, पद्धत आणि उत्तर यांपैकी काय शिक्षकाने दिलेले आहे आणि काय मुलांवर सोडले आहे ते पाहायचे. या प्रकरणात प्रश्न एका मुलीचा होता, पद्धतीचा सांगाडा बाईंचा, त्यातले बदल गटांचे. पूर्ण मोकळीक कुठेच नव्हती, आणि ती नसणेच योग्य होते. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी २००६मध्ये अत्यल्प मार्गदर्शनाच्या पद्धतींवर केलेली टीका नेमकी इथे लागू पडते: नवशिक्याला एका वेळी साहित्य हाताळणे, मोजणे आणि तर्क लावणे असे सगळे करायला लावले तर शिकायला डोक्यात जागाच उरत नाही. गटातल्या कामांची वाटणी, तीन मिनिटांचा नियम, तयार तक्ता हे सगळे तो भार हलका करण्यासाठी होते.

काही गोष्टी मात्र या साहित्यातून मुलांना सापडणे शक्यच नाही. त्या सरळ सांगाव्यात. पहिली, ज्योत विझते तेव्हा बरणीत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती तग धरत नाही. दुसरी, जळताना ऑक्सिजन नाहीसा होत नाही, त्याच्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते.

शिक्षकाच्या स्वतःच्या खात्रीसाठी हिशेब असा. मेणाचा एक नमुनेदार रेणू घेतला, कार्बनचे २५ आणि हायड्रोजनचे ५२ अणू असलेला, तर तो जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ व पाण्याचे २६ रेणू तयार होतात. वायूंचे घनफळ रेणूंच्या संख्येच्या प्रमाणात असते, म्हणून वाफेचे पाणी झाले असे धरले, तर ३८ घनफळांच्या जागी २५ उरतात. सगळा २१ टक्के ऑक्सिजन संपला असता तरी घट सुमारे ७ टक्केच झाली असती. प्रत्यक्षात या २१पैकी पाचेक टक्केच वापरला जातो, म्हणून घट पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. ५०० मिलिलीटरच्या बरणीत आठ-नऊ मिलिलीटर. याउलट आतली हवा टेकवण्याच्या वेळी ३०ऐवजी ८० अंशांवर असेल, तर थंड झाल्यावर ती १४ टक्क्यांनी आकसते, म्हणजे सुमारे ७० मिलिलीटर. ऑक्सिजनचा वाटा शून्य नाही, पण किरकोळ आहे. "कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला" असा बचाव एखादे हुशार मूल करतेच. तो विरघळतो खरा, पण स्थिर पाण्याच्या एवढ्याशा पृष्ठभागातून काही सेकंदांत नाही.

मग एक-पंचमांश दाखवायचा कसा?

मेणबत्तीचा पुरावा काढून घेतल्यावर हवेत एक-पंचमांश ऑक्सिजन असतो हे विधान मुलांपुढे उघडे पडते, आणि ते तर खरे आहे. म्हणून उष्णता न देता ऑक्सिजन काढून घेणारा प्रयोग जोडावा लागतो: लोखंडाचे गंजणे.

साध्या लोखंडाची स्टील वूल, म्हणजे बारीक तारांचा लोकरीसारखा पुंजका, साधारण एक ग्रॅम घ्यायची. ३० मिलिलीटरच्या परीक्षानळीसाठी ती गरजेच्या कित्येक पट आहे. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजत नाही. स्टील वूलवर तेलाचा हात असतो, म्हणून ती दोन मिनिटे व्हिनेगरमध्ये बुडवायची, मग पाण्याने खळखळून धुऊन झटकायची. धुणे राहिले तर उरलेले आम्ल लोखंडाशी क्रिया करून हायड्रोजन सोडते आणि पाणी अपेक्षेपेक्षा कमी चढते. ओली स्टील वूल नळीच्या तळाशी सैलसर बसवून नळी चंचुपात्रातल्या पाण्यात उपडी उभी करायची. शेजारी तशीच रिकामी नळी हवीच, कारण खोलीचे तापमान तीन अंशांनी बदलले तरी हवेचे घनफळ एक टक्क्याने बदलते, आणि तेवढी दुरुस्ती रिकाम्या नळीवरून करता येते. एक ते दोन दिवसांत पाणी एक-पंचमांशाच्या जवळ येऊन थांबते. चढण्यापेक्षा थांबणे महत्त्वाचे आहे. स्टील वूल भरपूर शिल्लक असूनही पाणी पुढे जात नाही. मेणबत्त्यांच्या प्रयोगात मात्र जास्त तापवले की चढ वाढत जात होता.

मूल्यमापन

वहीत चार रकाने पुरतात: माझे भाकीत, कशावरून, काय दिसले, आता काय म्हणायचे. चौथ्या रकान्यात मत बदलले म्हणून गुण वाढत नाहीत आणि बदलले नाही म्हणून कापले जात नाहीत. पुराव्याचा उल्लेख आहे की नाही एवढेच पाहिले जाते. "चढ तिन्ही वेळा तीन मेणबत्त्यांना जास्त आला" याला गुण आहेत. "प्रयोगावरून सिद्ध झाले" याला नाहीत.

लेखी चाचणीत नवा प्रसंग दिला: गरम पाण्याने विसळून लगेच बूच घट्ट लावलेली प्लॅस्टिकची बाटली थोड्या वेळाने आत चेपते, का? ज्यांनी मेणबत्तीचे उत्तर केवळ पाठ केले होते त्यांनी इथेही ऑक्सिजन आणला. त्यांच्यासाठी गरम बरणीचा प्रयोग पुन्हा करण्यात आला, या वेळी बरणी त्यांच्याच हातात होती.

राहिला छापील उत्तराचा प्रश्न. पुस्तकात अजून "ऑक्सिजन संपल्याने पाणी चढले" असेल आणि परीक्षा त्यावरच असेल, तर मुले विचारतातच की पेपरात काय लिहायचे. बाईंनी ऑक्सिजनचे कारण आधी आणि तापलेल्या हवेचे कारण त्यामागे आपल्या आकड्यांसह, अशी दोन्ही लिहायला सांगितली. छापील उत्तर शोधणाऱ्या तपासनिसाला ते पहिल्याच ओळीत सापडते, आणि मुलांनाही आपण मोजलेले लपवावे लागत नाही.